शिडीचा बिल्ला

माझे भावोजी फोटोंच्या फ्रेमा करतात. आमच्या भागात कुणी गेलं की आधी डॉक्टरला कळतं, मग घरच्यांना, आणि त्यानंतर लगेच भावोजींना. कारण घरातलं कुणीतरी गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन त्यांच्या दुकानात येतंच. रडून डोळे सुजलेले, हातात पाकीट, पाकिटात फोटो. भावोजी चष्मा कपाळावर सरकवतात, फोटो दोन्ही हातांनी घेतात आणि म्हणतात, "फार मोठा माणूस गेला हो." माणूस कोण, कुठला, काय करायचा, यांना पत्ता नसतो. पण आवाज असा लावतात की समोरच्याला पुन्हा हुंदका फुटावा.

तो हुंदका ओसरला की खरं काम सुरू होतं. "काही समाजकार्य वगैरे करायचे का हो? निवडणुकीत कधी कुणाचं काम केलं होतं? जुने बिल्ले, टोपी, पत्रकं, असलं काही कपाटात पडलं असेल तर आणा की. फोटोखाली छान मांडून देतो." लोक आणतात. दुःखातल्या माणसाशी कुणी गोड बोललं की तो कपाटच काय, घर उघडून देतो. मग फ्रेम न्यायला आले की भावोजी हळूच म्हणतात, "तो एक गंजका बिल्ला होता बघा, तो काही फ्रेमला शोभेना. राहू दे का माझ्याकडे?" घरचे म्हणतात, राहू दे. झालं! जो शोभत नाही म्हणाले, नेमका तोच हवा असतो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं आई म्हणायची. मला वाटायचं, म्हण आहे, असंच म्हणतात. मग ताईचं लग्न झालं आणि म्हण घरातच आली.

तर हा छंद. निवडणुकीचे बिल्ले जमवायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत खणांचं कपाट आहे, प्रत्येक खणात काळी मखमल, आणि त्यावर रांगेनं बिल्ले. पत्र्याचे, कागदाचे, प्लॅस्टिकचे. फूल, घोडा, चाक, छत्री, कुणाची मिशी, कुणाचं टक्कल. वरच्या खणांत जिंकलेले, खालच्या खणांत पडलेले. भावोजींना खालचेच खण जास्त प्यारे. जिंकलेल्याचे बिल्ले पोत्यानं मिळतात म्हणे, पडलेल्याचे लोक त्याच दिवशी काढून फेकतात, म्हणून ते दुर्मीळ. तरुणपणी निकालाच्या दुसऱ्या दिवशी हा माणूस मतमोजणीच्या फाटकापाशी काठी घेऊन गटारं उकरायचा. ताई नवी नवरी होती तेव्हा असाच एक बिल्ला उचलून आणला, कशात पडला होता ते मी सांगत नाही, जेवायच्या आधी कुणी वाचत असेल. तो स्वयंपाकघराच्या मोरीत धुतला. आणि घासला कशानं? ताईच्या दात घासायच्या ब्रशनं! ताईला ते चार दिवसांनी कळलं. मला सांगताना ती हसत होती. मला मात्र शिसारी आली ती आजतागायत गेलेली नाही.

आणि गंमत ऐका, यांनी स्वतः जन्मात कधी मत दिलेलं नाही. बोटाची शाई बिल्ल्यांना लागेल म्हणे!

खोटं कशाला बोलू, हात मात्र सोन्याचे. पत्रा बघून बिल्ला कधीचा ते सांगतील. आणि एकदा, बरं वाटत नसताना, मला म्हणाले होते की लहानपणी प्रचाराच्या गाडीमागे धावत जाऊन पहिला बिल्ला मिळवला होता, तो एका थोराड पोरानं हिसकावून घेतला. सांगताना डोळ्यांत पाणी. मलाही क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, हिसकावला त्या पोरानं, पण सूड मात्र साऱ्या जगावर.

माझं इस्त्रीचं दुकान आहे. कपडे धुऊन, इस्त्री करून देते. भावोजी मला एकदा म्हणाले, "मेहुणीबाई, लोकांच्या खिशांत काही जुनं सापडलं तर बघत जा की." मी म्हटलं, "भावोजी, खिशात सापडतं ते परत देते म्हणून तर लोक माझ्याकडे कपडे टाकतात. तुमचा धंदा तुमच्यापाशी." हसले. त्यांना काही लागत नाही. गेंड्याची कातडी बरी.

आता आबा. आबा म्हणजे आमचे वडील. बस डेपोत फिटर होते. तरुणपणी ते आणि डेपोतले पाच-सहा जण एका मास्तरांच्या नादी लागले. मास्तर शाळेत शिकवायचे आणि निवडणुकीला उभे राहायचे. दर खेपेला उभे राहायचे आणि दर खेपेला आपटायचे. चिन्ह होतं शिडी. आई म्हणायची, "शिडी घेतली, पण चढले कधीच नाहीत." प्रचाराला पैसा कुठला? मग या फिटर मंडळींनी बूटपॉलिशच्या डब्यांची झाकणं गोळा केली. मागून खिळा ठोकून पुढे ठिपके उठवले, ठिपक्यांची शिडी केली, तिला बसच्या पाट्यांचा लाल रंग फासला आणि मागे पिन डकवली. झाला बिल्ला. जितकी माणसं तितके बिल्ले, एक जास्त नाही.

आबा तो बिल्ला सदऱ्याच्या खिशावर लावायचे. मास्तर हरले तरी लावायचे, मास्तर गेले तरी लावायचे. एकदा भिंतीवर पत्रकं डकवताना आबा खऱ्याच शिडीवरून पडले, ते छातीवर. बरगडी वाचली, बिल्ल्याला मधोमध पोचा पडला. आई आठवडाभर शेकत बसली आणि आठवडाभर बोलत बसली, "शिडीसाठी शिडीवरून पडलेला हा एकच नवरा माझ्या नशिबी!" तेव्हापासून आबांचा अंगठा त्या पोच्यात. बोलताना, विचार करताना, आई गेली तेव्हा भिंतीला टेकून बसले होते तेव्हासुद्धा. रंग उडाला, ठिपके झिजले, पिन तुटली तर तांब्याची तार वळवून लावली. पण पोचा होता तसाच, अंगठ्यापुरता.

या मंडळींनी एक ठरवलं होतं. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या छातीवर त्यांचा बिल्ला लावूनच त्यांना पोचवलं. आणि सगळ्यांनी एकमेकांना शब्द दिला की आपणही असंच जायचं. एकेक जण गेला, एकेक बिल्ला त्याच्याबरोबर गेला. आबा प्रत्येकाला पोचवायला जायचे, बिल्ला नीट लागलाय की नाही ते स्वतः बघून यायचे. शेवटी आबा एकटे उरले. म्हणजे बिल्लाही एकच उरला. हे आम्हाला कळायच्या आधी भावोजींना कळलं होतं.

किती वर्षं मागत होते! आधी चेष्टेत, मग लाडीगोडीनं, मग ताईकरवी. आबा एकच सांगायचे, "जावईबापू, दुसरं काहीही मागा. हा माझ्यावर लावून पाठवायचा आहे. शब्द दिलाय मी."

मग आबांची दृष्टी गेली. पायही चालेनात. माझ्याकडे दुकानामागे एकच खोली, दिवसभर वाफ, कोळसा, कपड्यांचे ढीग. ताईकडे जागा होती. आणि काय सांगू, भावोजी स्वतः गाडी घेऊन आले आबांना न्यायला! उचलून गाडीत बसवलं. घरी नेऊन त्यांना उजेडाकडची खोली दिली, नखं कापायचे, पाय चेपायचे, सूप फुंकून फुंकून पाजायचे. शेजारीपाजारी म्हणायला लागले, जावई असावा तर असा, पोटचा मुलगा करणार नाही. ताईची मान ताठ झाली. मीसुद्धा मनात म्हटलं, चला, माणूस बदलतो कधीकधी. इतकी मी शहाणी!

आबांचे सदरे मीच धुवायचे. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचे घेऊन जायचे आणि मळके घेऊन यायचे. एका सुट्टीला गेले तर आबा उशाला टेकून बसलेले, अंगठा बिल्ल्यावर. पण नेहमीसारखा ठरलेला नव्हता. सारखा फिरत होता, थांबत होता, पुन्हा फिरत होता.

"धाकटे, आलीस?" म्हणाले. "हा माझा नाही गं."

"काय आबा?"

"हा बिल्ला. माझा नाही हा."

ताई दारातून म्हणाली, "आठवडा झाला, हेच चाललंय. डोकं चालेनासं झालंय त्यांचं. परवा मला आई समजून बोलले."

भावोजी स्टुलावर बसून संत्रं सोलत होते. एकेक फोडीची साल काढून आबांसाठी वाटीत टाकत होते. इतके साळसूद की बघत राहावं. "वय झालं," म्हणाले. "वयापुढे कुणाचं काय चालतं?"

मी बिल्ला हातात घेऊन पाहिला. तोच गंज, झिजलेले तेच ठिपके, मधोमध पोचा, मागे तीच तांब्याची तार. तार तर मी हजारदा सोडवली असेल, माझ्या बोटांना ती पाठ होती. म्हटलं, "आबा, तुमचाच आहे की हो."  आबांनी तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, गेलंच डोकं. मळके सदरे घेऊन मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी ते धुवायला काढले आणि माझा हात तिथेच थांबला. आबांच्या सदऱ्याच्या खिशावर गंजाचा तांबूस गोल डाग असतोच असतो. लिंबू-मीठ चोळून चोळून मी तो काढायचे आणि आठवड्यात तो परत हजर. या खेपेचे सगळे सदरे बघितले. एकाही खिशावर डाग नाही. घामाचे डाग होते, सुपाचे होते, गंजाचा नाही. अंगावर इतका गंज घेऊन बसलेला बिल्ला कापडाला काहीच कसा लावत नाही? हे असलं एकच माणूस करू शकतो. बनवलेला गंज झडू नये म्हणून त्यावर फ्रेमांसारखं वार्निश मारणारा.

तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारणीला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि तशीच ओल्या हातांनी भावोजींच्या दुकानात गेले. भरदुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. भावोजी काच कापत होते.

"आबांचा बिल्ला कुठे आहे?"

"आबांच्या छातीवर," म्हणाले. डोळासुद्धा लवला नाही.

मी सदरा टेबलावर आपटला. म्हटलं, "डाग दाखवा यावर. दाखवा! नाहीतर आत्ता ताईला इथे बोलावते आणि तिच्यासमोर एकेक खण उपसते."

भावोजींनी सदरा उचलला, खिसा उजेडात धरून बघितला. आणि मला वाटलं, आता तरी मान खाली जाईल. कसली जाते! म्हणाले, "वा! हे माझ्या लक्षातच आलं नाही." शाबासकी द्यावी तसं.

मग स्वतःच मागच्या खोलीत गेले आणि सगळ्यात खालचा खण ओढला. त्यात एकच बिल्ला होता. मला तो ओळखू आला नाही. लालभडक शिडी, एकूण एक ठिपका उठलेला, वर काचेसारखी चकाकी, मागे नवीकोरी पिन.

"हा कुणाचा?" मी म्हटलं.

"अहो, आबांचाच! बघा ना काय रूप आलंय. गंज सगळा काढला. तो पोचा होता ना मधे, तो लाकडी हातोडीनं मागून हळूहळू ठोकून काढला. दोन दिवस लागले. रंग भरला. वार्निशचे तीन हात दिलेत, आता शंभर वर्षं काही होत नाही." पकडले गेलोय हे त्या माणसाच्या डोक्यातूनच गेलं होतं. चेहरा असा फुललेला, जणू मी कौतुक करायला आले आहे. "त्या दुसऱ्याला मी खरी तार लावली. तुम्हीसुद्धा फसलात, फसलात की नाही?"

"तुम्हाला लाज नाही वाटत?" माझा आवाज फाटला. "जनाची नाही तर मनाची? आंधळा म्हातारा, तुमच्या घरात झोपलेला, त्याच्या छातीवरून काढलात?"

"तुम्ही समजून घ्या जरा, मेहुणीबाई. जगात हा एकच आहे. बाकीचे त्या वेड्यांनी अंगावर लावून मातीत नेले. हाही जाऊ द्यायचा? आणि आबांना काय, लावल्याचं समाधान हवं ना? ते मिळतंय की. त्यांना दिसतं कुठे?"

"आणि ते संत्रं? ते पाय चेपणं?"

यावर मात्र गप्प बसले. हे गप्प बसणं मला सगळ्यात ओंगळ वाटलं. काहीतरी बोलले असते, खोटं का होईना, तरी मी म्हटलं असतं की चला, निदान खोटं बोलावंसं तरी वाटलं.

मी बिल्ला उचलला आणि निघाले. भावोजी रस्त्यावर माझ्यामागे धावत आले. मला वाटलं, पाया पडतात की काय. तर म्हणतात, "कडेनं धरा! कडेनं! बोटांचे ठसे उठतील!"

ताईच्या घरी आबा जागेच होते. ताई त्यांचं अंथरूण बदलत होती. मी तिच्याशी बोलले नाही. सरळ आबांजवळ बसले, तो खोटा काढला, हा लावला. म्हटलं, "आबा, सापडला. तुमचं बरोबर होतं, माझंच चुकलं. हा घ्या तुमचा."

आबांचा चेहरा असा उजळला, काय सांगू! अंगठा लगेच वर आला. बिल्ल्यावर टेकला, मधोमध गेला. तिथून घसरला. पुन्हा मधोमध गेला. कडेकडेनं एक फेरी मारली, पुन्हा मधे आला. 

"हाही नाही गं," आबा म्हणाले.

"हाच आहे आबा. तुमची शपथ. हाच तो."

"मग पोचा कुठे आहे?"

 मी मागे वळून बघितलं. भावोजी धापा टाकत दारात उभे होते. आणि त्यांनी, खरंच, त्यांच्या तोंडानं सांगितलं, "मी काढला, आबा. नव्यासारखा केला."

 ताईच्या हातातली चादर तशीच राहिली. इतकी वर्षं तिनं नवऱ्याचं सगळं हसण्यावारी नेलं होतं, पण आता ती त्याच्याकडे बघत होती आणि तिला काही हसू सापडत नव्हतं.

आबांनी पिन चाचपली. नवी पिन, त्यांच्या बोटांना सवय नाही. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. बऱ्याच वेळानं पिन निघाली. मग भावोजींचा आवाज आला होता त्या दिशेला त्यांनी हात पुढे केला.

"घ्या, जावईबापू," म्हणाले. "हा तुमचाच दिसतोय."

अहो, कुणाही माणसाला ते ऐकून जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं असतं. भावोजी पुढे आले, दोन्ही हातांनी बिल्ला घेतला आणि खिशातला रुमाल काढून पुसला.

त्यानंतर आबांनी बिल्ल्याचं नाव काढलं नाही. अंगठा खिशाच्या कापडावर फिरायचा, मग तोही फिरेनासा झाला. त्याच आठवड्यात ते गेले.

मी इस्त्रीचा सदरा नेला. ताईनं आणि मी मिळून घातला. ताई रडत म्हणाली, "लावूया ना गं? त्यांचा शब्द होता." मी म्हटलं, "कुठला लावायचा?"  पोचा होता तो आबांचा नव्हता आणि आबांचा होता त्याला पोचा नव्हता. दोन्ही त्यांनी स्वतः नाकारले होते. गेलेल्या माणसाच्या छातीवर, त्याला बोलता येत नाही म्हणून, नको ते कसं टोचायचं? आबांनी एवढ्या सगळ्यांना बिल्ला तपासून पोचवलं आणि स्वतः मोकळ्या खिशानं गेले.

बिल्ला आता दुकानात दर्शनी आहे, काचेमागे, काळ्या मखमलीवर. लांबलांबून लोक बघायला येतात. फोटो काढतात, विचारतात, एवढी दुर्मीळ चीज तुम्हाला मिळाली कशी? भावोजी चष्मा कपाळावर सरकवतात, आवाज जड करतात आणि सांगतात, "सासऱ्यांचा होता. जायच्या आधी त्यांनी स्वतःच्या हातानं काढून मला दिला."

मी एकदा तिथे होते. सगळ्यांदेखत त्या तोंडावर थुंकावं म्हणून पुढे झाले. पण म्हणू काय? त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.